पार्किन्सनवाले वडील उंबऱ्यातच पडतात, काय करावं?

तासगावकर:
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा ७४ वर्षांचे, पार्किन्सनला चार वर्षं झाली. तासगावजवळ जुनं घर, मधल्या खोलीला चार बोटं उंच उंबरा. अण्णा तिथं आले की पाय फरशीला चिकटल्यासारखे थांबतात, वरचं अंग तेवढं पुढं जातं. महिन्यात तीनदा पडले, परवा हनुवटीला टाके पडले. आई मागनं "अहो पाय उचला, उचला की" म्हणते, तसे जास्तच घाबरतात. वॉकर आणू का?

कृष्णाकाठची_फिजिओ (सांगली):
वॉकरची घाई करू नका, साधा उचलायचा वॉकर अशा पेशंटला कधीकधी उलटा अडकवतो, आधी फिजिओसमोर चालवून बघा. पाय असे चिकटल्यासारखे थांबतात त्याला फ्रीझिंग म्हणतात, दार, अरुंद जागा आणि वळण, इथंच ते गाठतं. पाय अडकला की ओढायचं नाही, ढकलायचं तर अजिबात नाही. थांबू द्या, वजन या पायावरनं त्या पायावर झुलवू द्या, मग "एक, दोन" म्हणून मोठं पाऊल. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावा, एकेका पावलाच्या अंतरावर, पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. चौकटीला पक्का दांडा बसवा. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्यायचा. चालताना गप्पा नाहीत, हातात तांब्या नाही. आणि कधी पडले, गोळी कधी घेतली होती ते वहीत लिहा, गोळीचा असर उतरला की हे वाढतं. डॉक्टरांना ती वही दाखवा.

साताऱ्याची_सून:
बीपी पण बघा हो. माझ्या सासूबाई लकव्यानंतर पहाटे लघवीला उठल्या की पडायच्या, आम्ही शहाबादी फरशीला दोष देत बसलो. डॉक्टरांनी झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० पेक्षा जास्त अंकांनी घसरला! पार्किन्सनमध्ये आणि त्याच्या गोळ्यांनीही असं होतं म्हणाले, प्रोस्टेटच्या नाहीतर झोपेच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, मनानं काही बंद करू नका. आता त्या कॉटच्या कडेला दोन मिनिटं बसून मगच उठतात. संडासात टॉवेलच्या दांडीला धरू देऊ नका, आमची भिंतीतनं निघून हातात आली होती.

तासगावकर:
लाल पट्ट्या आजच लावल्या, अण्णा दोनदा अलगद ओलांडून गेले. बीपी उभं राहून कुणी घेतलंच नव्हतं, सोमवारी वही घेऊन जातो. आई आता नुसतं "एक, दोन" म्हणते.