मुलुंडच्या घरासमोरील डांबरी वाट पावसाआधी दुरुस्त करायची आहे: नुसता थर द्यावा की खणून काढावी?

प्रश्न (मुलुंडकर)

नमस्कार. मुलुंड पूर्वेला आमचे जुने बैठे घर असून, फाटकापासून पोर्चपर्यंतची डांबरी वाट वडिलांनी पंचवीसएक वर्षांपूर्वी करून घेतली होती. ती १८ मीटर लांब आणि ३.२ मीटर रुंद, म्हणजे सुमारे ६२० चौरस फूट आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत तिची पार रया गेली. फाटकाकडच्या पाच मीटरांत बारीक चौकटींच्या भेगांची जाळी पडली असून पाऊस पडून गेल्यावर त्या भेगांतून पांढरट चिखल वर येतो. मधल्या भागात दोन खड्डे आहेत. कुंपणाजवळ गुलमोहराच्या मुळाने एक लांबट उंचवटा आला आहे. पोर्चजवळचा भाग मात्र अजून बरा आहे.

तीन कंत्राटदार पाहून गेले. पहिला म्हणतो, आहे त्यावरच ४० मिलिमीटरचा थर टाकू, एका दिवसात काम संपेल. दुसरा सगळे उखडून पेव्हर ब्लॉक बसवायला सांगतो. तिसऱ्याच्या मते गोणीतले तयार मिश्रण खड्ड्यांत ठोकून भरले की पावसाळा निघून जाईल. फाटक आत उघडते आणि त्याच्याखाली जेमतेम दोन बोटे फट आहे, हेही सांगून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी आले की शेजारच्या दोन घरांसह आम्ही दहा हजार लिटरचा टँकर मागवतो. तो थोडा आत येऊन उभा राहतो, कारण गल्ली अरुंद आहे. तिघांपैकी कोणाचे ऐकावे, आणि काम ठरवण्यापूर्वी मी स्वतः काय पाहून ठेवावे?

उत्तर (निवृत्त स्थापत्य अभियंता)

आपण शेवटी सहज लिहिलेली टँकरची गोष्टच माझ्या मते मुख्य आहे. दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन. त्यात वाहनाचे वजन मिळवले की पंधरा टनांच्या आसपास भार त्या पाच मीटरांवर येतो, आणि आपली जाळीही नेमकी तेवढ्याच भागात आहे. भेगांतून वर येणारा पांढरट चिखल म्हणजे खालच्या खडीतला भुसा होय. भेगेतून पाणी खाली उतरते, चाकाच्या दाबाने ते भुशासकट वर फेकले जाते, आणि दर खेपेला पाया थोडा थोडा पोकळ होत जातो. अशा जागी वरून ४० मिलिमीटरचा थर टाकला, तर खालची जाळी वर्ष-दोन वर्षांत जशीच्या तशी वर उमटेल. शिवाय आपले फाटक त्या थरावर घासेल, चेंबरची झाकणे खोल जातील आणि पावसाचे पाणी पोर्चच्या पायरीकडे वळण्याची शक्यता निर्माण होईल, हे त्या गृहस्थांनी सांगितलेले दिसत नाही.

म्हणून वाटेचे दोन भाग समजावेत. फाटकाकडचे पाच मीटर, म्हणजे १६ चौरस मीटर, सुमारे २९० मिलिमीटर खोल खणून काढावेत. तळाशी मऊ माती लागली तर तीही काढून मुरूम भरून दाबून घ्यावा. त्यावर पाणी घालून मिसळलेल्या खडी-कचाचे १०० मिलिमीटरचे दोन थर वेगवेगळे दाबून घ्यावेत, मग ५० मिलिमीटरचा जाड खडीचा डांबरी थर आणि सर्वांत वर ४० मिलिमीटरचा बारीक खडीचा थर द्यावा. यातून निघणारे डेब्रिज सुटे झाल्यावर साधारण दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) भरेल. ते कोण उचलणार आणि कुठे टाकणार, हे दरपत्रकात लिहून घ्यावे, अन्यथा ते कुंपणाला टेकून गणपतीपर्यंत पडून राहते. उरलेल्या १३ मीटरांत पाया शाबूत असल्यास खड्डे चौकोनी कापून भरावेत, वरचा सुटलेला पापुद्रा ३० मिलिमीटर खरवडून काढावा, इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा) टॅक कोट, म्हणजे जुना व नवा थर चिकटवणारा हात, मारावा आणि तेवढ्याच जाडीचा नवा थर द्यावा, म्हणजे पातळी वाढत नाही आणि फाटक मोकळे राहते. टॅक कोट दर चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास पुरतो. तो ओतून तळे केल्यास वरचा थर घसरतो. दोन्ही भाग मिळून गरम मिश्रण सव्वासहा टनांच्या आसपास लागेल.

कंत्राटदाराला पुन्हा बोलावण्यापूर्वी दोन गोष्टी आपण स्वतः कराव्यात. एक म्हणजे रबरी नळीने संपूर्ण वाट भिजवून अर्ध्या तासाने जिथे पाणी उरते तिथे खडूने रेघ ओढावी. दुसरी म्हणजे जाळीतल्या एका चौकटीखाली पेचकस घालून ती उचलून पाहावी. खाली खडी घट्ट नसून चिखल लागला, तर पाया गेला आहे असे समजावे. आडवा उतार मीटरला २५ मिलिमीटर असावा, कारण मुंबईच्या पावसाला त्याहून कमी उतार पुरत नाही. खणण्यापूर्वी पाण्याची, गॅसची आणि मलवाहिनीची लाइन कुठून जाते याचे रेखाटन मुकादमाच्या हातात द्यावे. फाटकाबाहेरचा पदपथ महापालिकेचा असल्याने त्यावर परवानगीशिवाय रॅम्प करू नये.

उत्तर (पार्लेकर)

वरील सूचना योग्य आहेत, परंतु सहा टनांच्या कामात खरी अडचण मिश्रणाच्या तापमानाची असते, हे मी पैसे मोजून शिकलो आहे. आमच्या आवारासाठी खाडीपलीकडून निघालेला ट्रक वाहतुकीत अडीच तास अडकला. ताडपत्री होती, पण ती एका बाजूला उघडी पडली होती. माल उतरला तेव्हा तो चमकदार काळा नव्हता. कडेला त्याचे गोळे झाले होते आणि फावडे मारल्यावर ते फुटत होते. मुकादम म्हणाला, "रोलर फिरला की सगळे बसेल." बसले काहीच नाही. जुलैत पृष्ठभागावरची खडी चुरमुऱ्यासारखी सुटून गटारात वाहून गेली.

त्यामुळे दरपत्रकात डांबराचा दर्जा वीजी ३० असा लिहून घ्यावा, आणि पसरतेवेळी मिश्रण १४० अंश सेल्सिअसच्या खाली नसावे व ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलर फिरवून व्हावा, ही अटही घालावी. दांडीचा थर्मामीटर फार महाग येत नाही, तो स्वतःजवळ ठेवावा. उलट मालातून निळसर धूर निघत असेल, तर डांबर जळले आहे. ट्रक पहाटे मागवावा. महापालिकेच्या रस्त्यांची कामे ३१ मेपूर्वी उरकण्याची घाई असते आणि मेमध्ये लहान खेपेला कोणी विचारत नाही, म्हणून एप्रिलचा पहिला पंधरवडा गाठावा. मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनला येत असला, तरी वळवाची सर त्याआधीही येते, आणि ओल्या पायावर डांबर टाकून उपयोग नाही.

उत्तर (झाडांची काळजी)

कोणत्याही कंत्राटदाराला गुलमोहराचे मूळ छाटू देऊ नये. एका बाजूची मुळे तोडलेले झाड पहिल्याच वादळी पावसात त्या विरुद्ध बाजूला कलते, आणि आपल्याकडे ती बाजू म्हणजे बहुधा घर किंवा शेजाऱ्यांची गाडी असते. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. फांद्यांना किंवा मुळांना हात लावण्यापूर्वीही वॉर्डातील उद्यान विभागाशी बोलून घ्यावे. वाट त्या टप्प्यात अर्धा मीटर अरुंद करून खोडाभोवतीची माती उघडी ठेवली, तर झाडालाही पाणी मिळते आणि आपला खर्चही वाचतो. पेव्हर ब्लॉकचा विचार मी सरसकट बाद करणार नाही: मुळाने चार ब्लॉक उचलले, तर ते काढून पुन्हा बसवता येतात, डांबराचे तसे नाही. कारसाठी ६० मिलिमीटरचे ब्लॉक चालतील, टँकरच्या जागी ८० मिलिमीटरचे लागतील, आणि कडेला पक्की काँक्रीटची पट्टी नसेल, तर दोन पावसांत ओळी सरकू लागतात.

मुलुंडकर

सर्वांचे आभार. आज सकाळी नळी लावून वाट भिजवली. चौकट उचलली तर खाली ओला, काळपट चिखल होता, तेव्हा फाटकाकडचे पाच मीटर खणायचे हे नक्की झाले. खडूची सर्वांत मोठी रेघ मात्र मधल्या खड्ड्यांपाशी आली. तिथे उभा राहून वर पाहिल्यावर लक्षात आले की गच्चीचा पन्हाळीचा पाइप वाटेवरच मोकळा सुटतो. तो मी लहानपणापासून पाहत आलो आहे, पण त्याचा खड्ड्यांशी संबंध कधी जोडला नव्हता. गच्ची ९० चौरस मीटर आहे.

निवृत्त स्थापत्य अभियंता

मग मधले खड्डे टँकरने नव्हे, पन्हाळीने पाडलेले आहेत. तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ९० चौरस मीटरांवरून ४,५०० लिटर पाणी त्या एका जागी आदळते, म्हणजे आपला जवळजवळ अर्धा टँकर. तो पाइप बंद नळाने कुंपणाकडच्या गटारात नेऊन सोडावा. नळ वाटेखालून आडवा न्यावा लागणार असल्यास त्याची चर डांबराच्या आधी खणून, भरून आणि दाबून घ्यावी लागेल, तेव्हा प्रथम प्लंबरला बोलवा आणि कंत्राटदाराला त्यानंतरची तारीख द्या. एक किरकोळ सूचना: नवा थर दिल्यावर पहिले दोन-तीन आठवडे दुपारच्या उन्हात स्कूटर साइड स्टँडवर लावू नये, किंवा स्टँडखाली फळीचा तुकडा ठेवावा, कारण स्टँडचे टोक ताज्या डांबरात सहज रुतते.