शेवटचा शिक्का आणि सांध्यावरचा ठसा

वर शिवाजी महाराजांचं म्हणून एका जुन्या पत्राचा फोटो टाकलाय; त्यावर सही नाही म्हणून ते बनावट, हे मत पटत नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांत सही नव्हे, शिक्का बघायचा. माथ्यावर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुद्रा आणि मजकूर संपला की लगेच खाली 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मोर्तब (मजकूर संपल्याचा शिक्का), म्हणजे नंतर कुणाला ओळ घुसडता येऊ नये. कागद तुकडे चिकटवून लांब केला असेल तर सांध्यावर पाठीमागून ठसा असायचा. अर्धा या तुकड्यावर, अर्धा त्या. मधला तुकडा बदलला की ठसा जुळणारच नाही! म्हणून पाठीचाही फोटो टाका. आणि खानदेशातल्या मंडळींनो, धुळ्याला जुन्या कागदपत्रांचं काम करणारं राजवाडे संशोधन मंडळ आहे. माळ्यावरचं मोडी लिपीतल्या कागदांचं बाड रद्दीत घालण्याआधी जाणकाराला दाखवाच.