खाडीतलं पाणी माझ्या वेळापत्रकापेक्षा पाऊण तास उशिरा का ओसरतं?

गरीवाला

नमस्कार मंडळी. मी वेब डेव्हलपर. पुण्यात नऊ वर्षं काढली, तीन वर्षांपूर्वी दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी कायमचा आलो. नोकरी तीच, काम घरून. खाडी घरापासून शंभर पावलांवर. खाऱ्या हवेने दुसऱ्याच पावसाळ्यात लॅपटॉपच्या पोर्टांना गंज धरला, तेव्हापासून तो रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर झोपतो. बाकी मजेत आहे.

संध्याकाळी गरी टाकायला जातो. आमच्या खाडीत पाणी चढायला लागलं की पहिला तासभर मासा लागतो. मीटिंगा सांभाळून तो तास साधायचा म्हणून भरती-ओहोटीचं एक पान बनवलं. साधं एचटीएमएल, थोडी जावास्क्रिप्ट, पाण्याची चढ-उतार दाखवणारी एक एसव्हीजी रेघ. कुठलाही फ्रेमवर्क नाही. किनाऱ्यावर रेंज येते-जाते, म्हणून सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमागे चालणारा छोटा प्रोग्रॅम) महिनाभराचे आकडे फोनमध्येच साठवून ठेवतो. वेळा रत्नागिरी बंदर धरून काढतो.

हळूहळू आळीतली माणसंही ते पान बघायला लागली. पहिली चूक त्यांनीच पकडली. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत पान आदल्या दिवसाचा तक्ता दाखवायचं, कारण तारीख मी यूटीसीने, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेने, ठरवत होतो. साडेपाच तासांचा फरक, आणि होड्या नेमक्या त्याच वेळात निघतात. मी त्या वेळी झोपलेला असायचो, म्हणून महिनाभर कळलंच नाही. ते दुरुस्त केलं.

आता खरा प्रश्न. दिवाळीच्या अमावास्येला पानावर पूर्ण ओहोटी ५ वाजून ५ मिनिटांची होती. शेजारच्या काकू ती वेळ बघून कालवं काढायला खडकावर गेल्या. पाणी अजून खाडीबाहेर जातच होतं. पाऊण तास त्या कोयता मांडीवर ठेवून बसून राहिल्या, आणि खडक उघडा पडेपर्यंत अंधारायला आलं. घरी आल्यावर रागावल्या नाहीत. "तुझं घड्याळ पुढे आहे रे," एवढंच म्हणाल्या. पाटीत मूठभर कालवं होती.

ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे. सरळ ४० मिनिटं वाढवून टाकू का? की हे गणितच वेगळं असतं? खाडीकाठी राहणाऱ्यांनी सांगावं.

---

तांडेलाची नात

मी वर्सोव्याची. आमच्या आजोबांचा हिशोब तिथीचा होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दुपारीही आणि पहाटेही. पुनवेला आणि अवसेला ते हिशोब करायचे नाहीत, थेट बारा म्हणायचे.

पण दादा, हा हिशोब मुंबईचा. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर येते. गोव्याला आधी, मग तुमच्याकडे, मग आमच्याकडे. तुमच्या गावात कुणी मुंबईचं कॅलेंडर बघून वेळ सांगत असेल तर त्यानेही घोळ होतो. काकूंना विचारा, त्या आधी कशावरून ठरवायच्या? त्यांच्याकडे एखादी खूण असणारच.

---

जुना बंदरवाला

बंदरांच्या कामावर आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पाऊणपटीबद्दल. हिशोब सुंदर आहे, फक्त थोडा तोकडा पडतो. ३० तिथींत भरतीची वेळ २४ तास सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण म्हणजे ४५. पंधरा तिथींत तीन-तीन मिनिटं साठून पाऊण तास होतो, पुनवेला सव्वाअकरा येतात. ताईंचे आजोबा थेट बारा म्हणायचे ते बरोबरच होतं. शिवाय सरकणं रोज सारखं नसतं. चंद्राची मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची बरोबर १२ तासांची. दोन्ही जुळल्या की उधाण, म्हणजे अमावास्या-पुनवेच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी; एकमेकींच्या आड आल्या की भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवसांत भरती रोज चाळीसेक मिनिटंच पुढे जाते, भांगाच्या दिवसांत तासाच्या वर.

आता तुमची खाडी. सरसकट ४० मिनिटं वाढवू नका. भरतीचं पाणी आत येतं तेव्हा खाडी खोल होत जाते, लाट लवकर पोचते. ओसरताना पाणी उथळ होतं, तळाशी घासत जातं, मागे रेंगाळतं. म्हणून खाडीत पाणी चढतं झपाट्याने आणि उतरतं सावकाश. भरतीचा फरक वेगळा, ओहोटीचा वेगळा, आणि ओहोटीचा जास्त. मुखाशी वाळूचा दांडा असेल तर आणखी एक गोष्ट: समुद्र कितीही खाली गेला तरी दांड्याच्या आतलं पाणी त्या उंचीच्या खाली सहज जात नाही. उधाणाच्या ओहोटीला हे सगळ्यात जाणवतं. तुमच्या काकू अमावास्येलाच गेल्या होत्या.

याला उपाय एकच, मोजणं. प्रवाहाच्या कडेला, पण पूर्ण ओहोटीलाही पाय पाण्यात राहील अशा जागी वासा रोवा. दर १० सेंटिमीटरला खूण. भरती आणि ओहोटीच्या आसपास तासभर दर दहा मिनिटांनी वाचा. २९ दिवस केलंत तर दोन उधाणं आणि दोन भांग हाती लागतील. त्या दिवशीचा हवेचा दाबही टिपा. दाब १ हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं. पावसाळ्यात नदीचं पाणी आलं की हे सगळं पुन्हा बदलेल, त्यामुळे आत्ताचे आकडे जूनमध्ये वापरू नका.

---

मालवणी पोर

मी पण फ्रंटएंडवाला, गाव मालवणजवळ. गणितातलं मला कळत नाही, पानाबद्दल सांगतो. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात, बाजाराच्या गप्पांतही भरती-सुकती. शब्द निवडायची सोय ठेव. आणि मिनिटाला मिनिट आकडा दाखवू नकोस. ५:०५ लिहिलंस की माणूस ५:०५ ला जाऊन उभा राहतो. माझ्या आईसाठी मी मोठा बाण ठेवलाय, पाणी चढतंय की उतरतंय एवढंच, आणि खाली "पाच ते सहाच्या दरम्यान". ती तेवढंच बघते.

---

गरीवाला

महिन्याने लिहितोय, उशिराबद्दल क्षमा. आधी मोजून घ्यायचं ठरवलं होतं.

ताई, काकूंना विचारलं. खूण आहेच. खडकाच्या उतरणीला बोटभर खोल एक खाच आहे, पाणी उतरताना तिच्यातून झुळझुळ वाहतं. ती कोरडी पडली की अर्ध्या तासाने कालवं उघडी होतात. वेळ बघून जायची सवय त्यांना माझ्या पानाने लावली. हे ऐकून मी गप्पच झालो.

बंदरवाले काका, तुम्ही सांगितलंत तसा सुरूचा वासा रोवला. शेजारचे दोघे कंबरभर पाण्यात उतरले, दगड घालून पक्का केला. खुणा पांढऱ्या ऑइलपेंटने. पंधरा दिवसांत खालच्या खुणांवर शेवाळ चढलं, मग दर आठवड्याला काथ्याने घासायला लागलो. रोज जमलं नाही, २९ पैकी २३ दिवसांचं वाचन आहे. पहाटेचं काकूंच्या मुलाने केलं, बॅटरीच्या उजेडात, वहीत पेन्सिलीने. ती वही माझ्याकडे जपून ठेवली आहे.

आमच्या खाडीत भरती सुमारे २० मिनिटं उशिरा पोचते. ओहोटी भांगाच्या दिवसांत ३० मिनिटं उशिरा, उधाणाला ५०. उधाणाच्या तिन्ही दिवसांत पाणी एका ठरावीक खुणेशी येऊन थबकलं. समुद्र आणखी उतरत होता, आत मात्र खूण हलेना. मुखाशी जाऊन बघितलं तर वाळूचा दांडा उघडा, आणि त्याच्यावरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. काका, तुम्ही लिहिलं होतंत अगदी तसं.

आता पानावर भरती आणि ओहोटीचे फरक वेगळे केले आहेत, आणि तिथीनुसार उधाण-भांगाचा फरक आपोआप कमी-जास्त होतो. मिनिटं काढून टाकली, बाण आणि "दरम्यान" ठेवलं, ओहोटी आणि सुकती दोन्ही शब्द आहेत. "होडी हाकारण्यासाठी वापरू नये" ही ओळ मोठ्या अक्षरांत वरच घातली आहे. १ जूनला हे फरक आपोआप बंद होतील आणि तिथे "पावसाळ्याचं मोजलेलं नाही" एवढंच दिसेल. यांत्रिक होड्यांची मासेमारीही त्याच दिवसापासून ३१ जुलैपर्यंत बंद असते.

परवा मार्गशीर्षातल्या अमावास्येला काकू पुन्हा गेल्या. मीही बरोबर गेलो, फोन खिशातच ठेवला. खाच कोरडी पडली तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

बाणकोट, दाभोळ, जैतापूर किंवा विजयदुर्गच्या खाडीकाठी कुणी राहत असेल आणि वासा रोवायची तयारी असेल, तर इथे कळवा. वाचनाचा कोरा तक्ता पाठवतो. छापून वहीत चिकटवता येईल असा केला आहे.

---

तांडेलाची नात

दाभोळला माझी मावशी असते, धक्क्याला लागून घर. तक्ता पाठवा. आणि दादा, पाटी भरली की नाही ते लिहिलंच नाहीत.

---

गरीवाला

भरली. रात्री आमच्याकडे कालवणही आलं.