तिकडच्या लोकांवर तपासलेलं औषध इकडच्यांनी घ्यावं का? (शंकेखोर यांच्या पोस्टला उत्तर)

कोरफड:
शंकेखोर यांची कालची पोस्ट वाचली आणि राहवेना, म्हणून लांबलचक लिहितोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की औषधांच्या चाचण्या श्रीमंत देशांतल्या गोऱ्या पुरुषांवर होतात, सबब बाकी जगाने त्या निष्कर्षांवर विश्वास ठेवू नये आणि आपापल्या लोकांवर चाचणी झाल्याशिवाय एकही नवी गोळी तोंडात टाकू नये. पहिला भाग बराचसा खरा आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष माणसांच्या जिवावर उठणारा आहे, आणि खाली लोक ‘अगदी बरोबर’ म्हणून माना डोलावतायत ते बघून जास्त वाईट वाटलं.

इंटरहार्ट नावाचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ५२ देशांतले हार्ट अटॅकचे पेशंट आणि त्यांच्या तुलनेला निरोगी माणसं. सिगारेट, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलचा प्रकार, पोटाचा घेर, ताण वगैरे नऊ गोष्टी धरल्या तर पुरुषांमधला ९० टक्के आणि बायकांमधला ९४ टक्के धोका त्यातच येतो, आणि हे जवळपास सगळ्या खंडांत सारखं निघालं. मग बीपीची गोळी दुसऱ्या देशात तपासली म्हणून मी ती फेकून द्यायची?

आणि संशोधन कायम श्रीमंतांकडून गरिबांकडेच येतं हेही खोटं आहे. टीबीच्या पेशंटला सॅनेटोरियममध्ये (टीबीच्या खास हॉस्पिटलात) ठेवलंच पाहिजे असं सगळं जग मानत होतं, तेव्हा १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवलं की दाटीवाटीच्या गरीब वस्तीतल्या घरात राहून औषधं घेतली तरी गुण जवळपास तितकाच येतो, आणि घरातल्यांना त्यामुळे जास्त लागण होत नाही. श्रीमंत देशांतली सॅनेटोरियमं ओस पडली त्याला हा अभ्यासही कारण आहे. त्या लोकांनी ‘हे मद्रासी लोकांवर झालंय, आमच्यावर करून दाखवा’ म्हणत बसायचं होतं का?

शंकेखोर:
टीबी तुम्हीच काढलात ते बरं झालं. बीसीजीचं का नाही लिहिलंत? ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांवर १९५० पासून चाचणी झाली, लसीने पाऊणशे टक्क्यांच्या वर संरक्षण दिलं. तीच लस मद्रासजवळच्या चिंगलपुटला १९६८ पासून अडीच लाखांहून जास्त लोकांवर तपासली आणि मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या टीबीपासून संरक्षण किती? काहीही नाही. लस तीच, ठिकाण वेगळं. तिथे चाचणी झाली नसती तर आजही ब्रिटनचाच आकडा सगळ्यांच्या माथी मारला असता.

आणि तुमच्यासाठी हे आकडे असतील, माझ्यासाठी नाहीत. माझ्या धाकट्या भावाला फिट्स यायच्या म्हणून कार्बामाझेपिन सुरू केलं. काही आठवड्यांत ताप आला, घसा दुखला, सगळ्यांना वाटलं व्हायरल आहे. मग ओठ सोलवटले, तोंडात घोट पाणी जाईना, पाठीची कातडी चादरीला चिकटून यायला लागली, पापण्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून सिस्टर दर थोड्या वेळाने डोळ्यांत थेंब टाकायची. स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात ह्या औषधाच्या रिॲक्शनला. वाचला तो, पण डोळे अजून कोरडे पडतात, उन्हात बाहेर पडवत नाही. नंतर कळलं की एचएलए-बी १५०२ नावाचा जीन अंगात असेल तर ह्या औषधाने हे होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, तो जीन आशियातल्या बऱ्याच लोकांत सापडतो आणि युरोपियन लोकांत जवळजवळ नसतोच. औषध वापरात आलं साठच्या दशकात, जीनशी संबंध तैवानच्या लोकांनी दाखवला २००४ मध्ये. मधली चाळीस वर्षं कोणाच्या कातडीवर गेली ते सांगा.

नाईट_ड्युटी:
शंकेखोर, भावाचं वाचून खरंच वाईट वाटलं. असा पेशंट मी सांभाळलाय, त्यामुळे तुमचा राग मला कळतो.

पण कार्बामाझेपिनचं पुढचंही सांगा ना. तैवानमध्येच ४८७७ लोकांची औषधाआधी जीन टेस्ट केली, ज्यांच्यात जीन सापडला (७.७ टक्के) त्यांना ते औषध दिलंच नाही, आणि त्या सगळ्यांत स्टीव्हन्स-जॉन्सन एकालाही झाला नाही. २०११ मध्ये छापून आलंय. म्हणजे औषध कोणाला घातक आहे ते शोधलं आणि बाकीच्यांना ते मिळत राहिलं. तुमच्या नियमाने तर बाकीच्या ९२ टक्क्यांच्या फिट्सही चालू राहिल्या असत्या.

आणि फरक म्हटलं की लोक लगेच रक्त, वंश, जीन्स इथे पोचतात. वॉर्डात मला दुसराच फरक दिसतो. शॉकमध्ये (रक्तपुरवठा ढासळलेल्या अवस्थेत) आलेल्या पोराला भराभर सलाइन द्यायचं हे सगळ्या पुस्तकांत होतं. केनिया, युगांडा, टांझानियात तापाने शॉकमध्ये आलेल्या ३१४१ मुलांवर पहिल्यांदा नीट तुलना झाली (फीस्ट नावाचा अभ्यास, २०११), तर भराभर सलाइन दिलेल्यांतली शंभरातली साडेदहा मुलं ४८ तासांत गेली, न दिलेल्यांतली सात. जुलाबाची मुलं ह्यात नव्हती, त्यांना पाणी लागतंच. ती आफ्रिकन होती म्हणून असं झालं का? तिथे व्हेंटिलेटर नव्हते, मलेरिया होता, बऱ्याच मुलांच्या अंगात रक्त कमी होतं. उद्या दुसऱ्या खंडात असंच हॉस्पिटल आणि अशीच मुलं असतील तर मी हाच अभ्यास बघेन, श्रीमंत देशातल्या आयसीयूचा नाही. कुठल्या देशातला अभ्यास आहे ह्यापेक्षा तिथे हाताशी काय होतं ते आधी बघावं.

मात्र शंकेखोर यांची एक गोष्ट मान्य करावीच लागते. बोटाला लावतो त्या ऑक्सिमीटरवर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवायचो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या पेशंटचे आकडे आले. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्यांत ३.६ टक्के आणि काळ्यांत ११.७ टक्के. यंत्रांचा अंदाज बसवताना गडद कातडीची माणसं पुरेशी घेतलीच नव्हती.

जुना_वाचक:
वंश, देश सगळं ठीक आहे पण वयाचं कोणी बोलत नाही. चाचणीत घेतात ते पंचावन्न-साठचे, एकच आजार असलेले, किडनी ठणठणीत असलेले. ऐंशीच्या म्हाताऱ्या माणसाला बीपी, शुगर, संधिवात, प्रोस्टेट सगळं एकदम असतं आणि प्रत्येक डॉक्टर आपली एक गोळी वाढवून मोकळा होतो. त्या सगळ्या गोळ्या एकत्र पोटात गेल्यावर काय होतं ह्याची चाचणी कोणी केलीय? मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले काका तुम्ही नेटवर वाचू नका.

साधी_गोष्ट:
काका, म्हातारी माणसं निदान मधूनमधून तरी घेतात. बायकांचं बघा. एक दिवसाआड ॲस्पिरिन घेतल्याने पहिला हार्ट अटॅक टळतो हे १९८९ मध्ये सिद्ध झालं ते २२,०७१ डॉक्टरांवर, आणि त्यात बाई एकही नाही. बायकांवरचा तसा मोठा अभ्यास आला २००५ मध्ये, ३९,८७६ बायका, आणि त्यात हार्ट अटॅक कमी झालेच नाहीत, स्ट्रोक थोडे कमी झाले. झोपेच्या झोल्पिडेम गोळीचा बायकांचा डोस अमेरिकेने २०१३ मध्ये निम्म्यावर आणला, तोवर वीस वर्षं बायका ती गोळी घेऊन सकाळी गाडी चालवत होत्या.

आणि गरोदर बाई तर संशोधनाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. मला स्वतःला फिट्स येतात. लॅमोट्रिजिनवर छान चाललं होतं. दिवस राहिल्यावर ह्या औषधाचं रक्तातलं प्रमाण झपाट्याने खाली येतं, डोस वाढवत न्यावा लागतो. हे मला कोणी सांगितलं नाही. ‘गरोदरपणात जितकं कमी औषध तितकं चांगलं’ एवढंच ऐकवलं. सहाव्या महिन्यात जिन्यात फिट आली. नवऱ्याने मागून धरलं म्हणून मी आज हे टाइप करतेय.

शंकेखोर:
ताई, तुमच्यावर आलेला प्रसंग वाईटच. पण गरोदर बायकांवर औषधांचे प्रयोग करा असं म्हणताय का तुम्ही? थॅलिडोमाइड विसरलात? दहा हजारांच्या आसपास मुलं हात-पाय नसलेली, तोकडे असलेली जन्मली. पोटातल्या बाळाची संमती कोण घेणार?

साधी_गोष्ट:
हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता संताप होतो. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलं ते गरोदर बायकांवर चाचणी करून आलं होतं का? नव्हतं! पुरावा न मागता लाखो बायकांना सरसकट दिलं, म्हणजे प्रयोग झालाच, फक्त नोंद कोणी ठेवली नाही. अमेरिकेच्या औषध-मंजुरी खात्यातल्या फ्रान्सिस केल्सी ह्या बाईंनी ‘पुरावा आणा’ म्हणून परवानगी अडवून धरली म्हणून तिथली बहुतेक मुलं वाचली. आणि ह्यावरून जगाने धडा कोणता घेतला, तर गरोदर बायकांना अभ्यासातूनच बाहेर काढा.

गरोदर बायका आजारी पडतातच. फिट्स, दमा, एचआयव्ही, मलेरिया, सगळं होतं. औषध त्या घेणारच आहेत. तुम्ही अभ्यास केला नाहीत तर प्रत्येकीवर एकटीचा प्रयोग होतो, आणि त्यातून पुढचीला काहीही कळत नाही.

शंकेखोर:
आवाज चढवल्याने मुद्दा सिद्ध होत नाही. मी पेशंटच्या बाजूने बोलतोय आणि तुम्ही मलाच आरोपी केलंत.

साधी_गोष्ट:
पेशंटच्या बाजूने बोलताय तर पेशंट काय म्हणतेय ते ऐका. बाळाची काळजी मला तुमच्यापेक्षा कमी आहे असं समजू नका.

कोरफड:
दोघांनीही जरा दमाने घ्या. साधी_गोष्ट यांचं बरोबर आहे आणि त्याला डोल्युटेग्रॅव्हिरचं उदाहरण आहे. एचआयव्हीवरचं उत्तम औषध. बोट्सवानामध्ये बाळंतपणांची नोंद ठेवणारा अभ्यास चालू होता, त्यात २०१८ मध्ये दिसलं की गर्भ राहतानाच हे औषध चालू असलेल्या ४२६ जणींपैकी चौघींच्या बाळांना मेंदू-मणक्याचा दोष आहे. बऱ्याच ठिकाणी लगेच तरुण बायकांना हे औषध देणं थांबवलं किंवा कुटुंबनियोजनाची अट घातली. अभ्यास मात्र थांबवला नाही. वर्षभराने आकडा १६८३ जणींमागे ५ वर आला, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांसाठी हेच औषध सुचवलं. कोणाच्याही पोटातल्या बाळावर मुद्दाम प्रयोग झाला नाही, जे घडत होतं ते इमानदारीने लिहून ठेवलं. आणि शंकेखोर, बोट्सवानातल्या बायकांची ही नोंद जगभरच्या बायकांच्या कामी आली, हे तुमच्या मूळ पोस्टला उत्तर आहे.

शंकेखोर:
नोंद ठेवायला माझा विरोध कधीच नव्हता. नोंदी ठेवा, जरूर ठेवा. पण त्या नोंदीत कोण आहे आणि कोण नाही हे विचारायचा हक्क मी सोडणार नाही, माझ्या भावाने त्याची किंमत मोजलीय. आणि इंटरहार्टसारखा अभ्यास ५२ देशांत केला म्हणूनच तुम्हाला आज छातीठोकपणे बोलता येतंय. एकाच देशात केला असता तर ‘सगळीकडे सारखंच’ हे तुम्हालाही म्हणता आलं नसतं. हे तरी मान्य करा.

कोरफड:
हे मान्य आहे. पण ‘अभ्यासात आम्हीही हवेत’ ही मागणी वेगळी आणि ‘तोवर गोळी घेऊ नका’ हा सल्ला वेगळा. पहिल्याला माझी सही घ्या. दुसरा वाचून कोणी उद्या बीपीची गोळी बंद केली तर? पोस्टमधली तेवढी ओळ काढा.

शंकेखोर:
चालू गोळ्या बंद करा असं मी लिहिलं नव्हतं, पण कोणी तसा अर्थ काढत असेल तर तेवढी ओळ बदलतो. बाकी पोस्ट तशीच राहील.

नाईट_ड्युटी, एक खरंच विचारायचंय. आता धाकट्या बहिणीलाही फिट्स सुरू झाल्यात. वय चोवीस, लग्न ठरलंय. डॉक्टर दोन औषधांतून निवडा म्हणाले, त्यातलं एक ऑक्सकार्बाझेपिन आणि दुसरं व्हॅल्प्रोएट. भावासारखं होईल ह्या भीतीने आई व्हॅल्प्रोएट म्हणतेय. जीन टेस्ट करून ठरवू का?

नाईट_ड्युटी:
ऑक्सकार्बाझेपिन हे कार्बामाझेपिनचंच भावंड आहे. सख्ख्या भावाला स्टीव्हन्स-जॉन्सन झालाय हे डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल तर आधी ते सांगा, भावाचे डिस्चार्जचे कागद सोबत न्या. भावंडांत हे जीन सारखे असण्याची शक्यता बरीच असते. टेस्ट निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका, १५०२ हा एकच जीन नाही, दुसऱ्या जीनमुळेही होऊ शकतं. फेनिटोइन ह्या फिट्सच्या दुसऱ्या औषधाबद्दलही विचारून ठेवा.

साधी_गोष्ट:
आणि व्हॅल्प्रोएट नको! चोवीस वर्षांची मुलगी, लग्न ठरलेलं. ४२ देशांतल्या गरोदर बायकांच्या नोंदींचा हिशोब २०१८ मध्ये आला, व्हॅल्प्रोएटवर बाळात मोठा दोष १०.३ टक्के, लॅमोट्रिजिनवर २.९, लेव्हेटिरासिटॅम ह्या फिट्सच्याच औषधावर २.८. शिवाय व्हॅल्प्रोएटने मुलांच्या बुद्धीवर, शिकण्यावर परिणाम होतो तो वेगळाच. लॅमोट्रिजिननेही अंगावर पुरळ येऊ शकतं, डोस अगदी हळू चढवतात, तुमच्या घरचा इतिहास बघता त्याबद्दल नीट विचारा. लेव्हेटिरासिटॅम तिला चालेल का, हा प्रश्न कागदावर लिहूनच न्या. आणि औषध सुरू असेल ते मनाने एकदम बंद करू नका.

शंकेखोर:
गुरुवारची अपॉइंटमेंट आहे. दोघींचं लिहून घेतलंय, आईलाही वाचून दाखवतो.