पिस्तुलाच्या काडतुसाची कार्बाइन: हौशी नेमबाजीसाठी ९ मिमी सोडून दुसरे काही का घ्यावे?

नेमधारी

पिस्तुलाचे काडतूस चालवणारी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, घ्यायचे ठरले की मॉडेलवरून फारसा वाद होत नाही, कॅलिबरवरून (काडतुसाच्या मापावरून) होतो. माझे मत सरळ आहे. कागदी टार्गेट, पोलादी पाट्या आणि जमलीच तर क्लबची स्पर्धा एवढाच हेतू असेल तर ९×१९ मिमी घ्यावे, म्हणजे ९ मिमीची गोळी आणि १९ मिमी लांब पितळी पुंगळी. दुसरे काही घ्यायला नेमके कारण हवे, आणि "मोठी गोळी बरी" हे कारण मला पटत नाही.

जॉर्ज लुगरचे हे काडतूस १९०२ पासून चालत आले आहे. सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधोमध प्रायमर (ठिणगीची टोपी) असलेल्या, पिस्तूल काडतुसांत याइतके सहज मिळणारे दुसरे नाही. ११५, १२४, १४७ ग्रेन (साधारण १५ ग्रेनचा एक ग्रॅम), हव्या त्या वजनाची गोळी मिळते. कार्बाइन खांद्याला लावली की नेम इतका सोपा होतो की मॅगझिन कधी रिकामे झाले ते कळत नाही. हौशी माणसाचा हात सुधारतो तो किती फैरी झाडल्या त्यावर, आणि .४५ इंची जाड गोळीच्या एका डब्याच्या पैशांत ९ मिमीचा दीड डबा तरी येतोच.

आता धक्का. या प्रकारच्या बहुतेक कार्बाइन साध्या ब्लोबॅकवर चालतात. काडतुसामागे टेकणाऱ्या बोल्टला कुलूप नसते, त्याचे वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच तो थोपवला जातो. त्यामुळे गोळीचा संवेग वाढला की बोल्ट जड करावा लागतो, आणि तो जड लोखंडी ठोकळा प्रत्येक फैरीला मागे-पुढे आपटतो. ग्रेनमधले वजन गुणिले वेग भागिले हजार, हा स्पर्धेतला पॉवर फॅक्टर काढून पाहा. १६ इंची नळीतून १३०० फूट प्रति सेकंदाने जाणारी ११५ ग्रेनची गोळी १५० च्या आसपास येते. .४५ एसीपीची २३० ग्रेनची गोळी ९०० ने गेली तरी २०० ओलांडते. दुसरी फैर कोणत्या बंदुकीतून लवकर आणि जागेवर जाईल हे वेगळे सांगायला नको.

नुसते "मला आवडते" नको, कारणासकट लिहा.

जाडगोळी

कारणासकट असहमत.

.४५ एसीपी १९०५ चे. त्याचा कमाल दाब साधारण २१,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), ९ मिमीचा ३५,०००. दाब कमी म्हणून पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरता येतात. आणि मुख्य गोष्ट म्हणजे २३० ग्रेनची गोळी लांब नळीतूनही ध्वनीच्या वेगाखालीच राहते. ९ मिमीची ११५ ग्रेनची गोळी डोक्यावरून चाबूक ओढल्यासारखी कडाडत जाते, .४५ मध्ये तो कडकडाट नाहीच. जिथे सप्रेसर (आवाज दाबणारी नळी) कायदेशीर आहे तिथे तर .४५ ची मजाच और. पाटीवर गोळी बसल्याचा "ठण्ण" स्पष्ट ऐकू येतो, आणि पाटीवरची नेमबाजी आपण त्या आवाजासाठीच करतो ना?

धक्क्याबद्दल एक विसरताय. तो जास्त आहे, पण ढकलल्यासारखा लागतो, टोचत नाही. साधा ब्लोबॅक नको असेल तर सीएमएमजी कंपनीची रेडियल डिलेड बोल्ट असलेली .४५ कार्बाइन पाहा. बोल्ट थोडा फिरल्याशिवाय उघडत नाही, म्हणून तो हलका ठेवता येतो.

नेमधारी

जाडगोळी, आवाजाचा मुद्दा मान्य, पण तो .४५ च्या मालकीचा नाही. १४७ ग्रेनची ९ मिमी घ्या, बहुतेक कंपन्यांची ती १६ इंची नळीतूनही ध्वनीच्या वेगाखाली राहते. म्हणजे एकाच बंदुकीत दोन्ही स्वभाव मिळाले.

आणि अंतराचे काय? ५० मीटरला झिरो केलेली (म्हणजे तिथे नेम जुळवलेली) ११५ ग्रेनची गोळी १०० मीटरला साधारण १५ सेंमी खाली लागते, .४५ ची २३० ग्रेनची ३० सेंमीच्या आसपास. स्पर्धेतही लाभ नाही. आयपीएससी (आंतरराष्ट्रीय) आणि यूएसपीएसए (अमेरिकन) या नेमबाजी संघटना, दोन्हीकडे पिस्तूल कॅलिबर कार्बाइनच्या विभागात सगळ्यांचे गुण मायनर, म्हणजे कमी ताकदीच्या गटातलेच धरतात, किमान पॉवर फॅक्टर १२५. तुमचे २०० तिथे एका गुणाचीही भर घालत नाहीत, फक्त खांद्यात जातात.

जाडगोळी

१०० मीटरवर .४५ झाडायला मी निघालोच नाही. पिस्तुलाच्या काडतुसाची कार्बाइन २५ ते ५० मीटरची वस्तू आहे. तिथे ३० सेंमीचा हिशेब येतोच कुठे?

लीव्हरप्रेमी

तुम्ही दोघेही सेमी-ऑटोच्या (दर फैरीनंतर आपोआप भरणाऱ्या बंदुकांच्या) बाहेर पाहत नाही आहात. धाग्याच्या शीर्षकात "पिस्तुलाचे काडतूस" आहे, रिव्हॉल्व्हरचे काडतूस त्यात धरायचे की नाही? मी धरतो, कारण या कल्पनेचा उगमच तिथे आहे. १८७३ ची विंचेस्टर .४४-४० मध्ये आली आणि काही वर्षांत कोल्टने त्याच काडतुसाची रिव्हॉल्व्हर काढली. कमरेला आणि खांद्याला एकच काडतूस, हा सगळा खटाटोप तेव्हापासूनचा.

माझी शिफारस .३५७ मॅग्नम, लीव्हर अ‍ॅक्शनमध्ये. लीव्हर म्हणजे ट्रिगरखालची दांडी, ती हाताने हलवून पुढचे काडतूस भरायचे. लांब नळीचा खरा फायदा कोणाला होतो ते पाहा. ९ मिमीत जलद जळणारी दारू असते, वेगाची बहुतेक वाढ पहिल्या दहा-बारा इंचांत होऊन जाते, पुढची नळी नुसती बरोबर वाहायची. .४५ ला तर त्याहून कमी मिळते. .३५७ मधली दारू सावकाश जळते आणि गोळीला शेवटपर्यंत ढकलत राहते. शिवाय रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून वायू निसटतो, रायफलीत ती फटच नाही. चार इंची रिव्हॉल्व्हरमधून साधारण १२५० ने जाणारी १५८ ग्रेनची गोळी १८ इंची नळीतून १७०० च्या पुढे जाते. तुमच्या ९ मिमीची वाढ दीडशे-दोनशेची, इथे साडेचारशे. एवढी लांब नळी घेऊन फिरायचे तर तिने काहीतरी दिले पाहिजे.

आणि त्याच बंदुकीत .३८ स्पेशल चालते. १८९८ च्या सुमाराचे काडतूस, धक्का जवळजवळ नाही, १५८ ग्रेनची साधी शिशाची गोळी ध्वनीच्या वेगाखाली. दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकवता येईल इतके सौम्य. सकाळी .३८ आणि दुपारी १०० मीटरच्या पाटीवर .३५७, बंदूक तीच. ९ मिमी हे करून दाखवू शकत नाही.

उलटे मात्र कोणी करू नये. .३५७ ची पुंगळी मुद्दाम लांब ठेवली आहे ती .३८ च्या चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या जागेत) बसू नये म्हणूनच. आणि ट्यूब मॅगझिनमध्ये (नळीखालच्या नळकांड्यात) चपट्या नाकाच्याच गोळ्या भराव्यात. एका काडतुसाचे नाक पुढच्याच्या प्रायमरवर टेकलेले असते, त्यामुळे टोकदार गोळी तिथे धोक्याची.

पितळवेचा

लीव्हरप्रेमींना एक मत माझे, वेगळ्या कारणासाठी. मी काडतुसे घरी भरतो. .३८/.३५७ ची पुंगळी सरळ भिंतीची आणि कडेची, भरायला याहून सोपी नाही. लीव्हर आपण हाताने चालवतो, त्यामुळे रिकामी पुंगळी पायाशी पडते. ब्लोबॅक ती गवतात लांब भिरकावते, वर दाब असतानाच बोल्ट उघडत असल्याने काजळीने काळी करून.

.४५ वाल्यांनी एक लक्षात ठेवावे. या पुंगळ्यांत मोठ्या आणि लहान अशा दोन्ही मापांच्या प्रायमरच्या येतात. रेंजवरून वेचलेले पितळ निवडण्यात वेळ जातो.

मात्र जो भरत नाही, तयार डबे विकत घेतो, त्याने नेमधारींचे ऐकावे. तयार .३५७ खिशाला परवडेल तोवरच गोड आहे.

बावीसवाला

आश्चर्य आहे, अजून कोणी .२२ एलआर काढले नाही.

१८८७ पासूनचे काडतूस, सगळ्यांत स्वस्त, धक्का नाहीच. पिस्तूलही .२२, कार्बाइनही .२२. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा रायफल खांद्याला लावायची आहे त्याला ९ मिमीच्या ब्लोबॅकचा ठोका कशाला? स्टील चॅलेंज या पोलादी पाट्यांच्या स्पर्धेत रिमफायर (.२२ सारख्या, कडेवर ठोका बसणाऱ्या काडतुसांच्या) रायफलींचे स्वतंत्र विभाग आहेत, पाट्या पाडायच्या नसतात, नुसत्या वाजवायच्या. नेम आणि ट्रिगर शिकायला याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही.

नेमधारी

बावीसवाला, शिकण्यापुरते शंभर टक्के मान्य. पण आयपीएससीच्या पिस्तूल कॅलिबर कार्बाइन विभागात .२२ ने उतरता येत नाही, तिथे किमान ९×१९ लागते. पुंगळी पुन्हा भरता येत नाही. रिमफायरचे प्रायमिंग कडेत फिरवलेले असते, ते सगळीकडे सारखे बसलेच असे नाही, म्हणून न उडालेली काडतुसे सेंटरफायरपेक्षा जास्त निघतात. मेणकट गोळ्यांनी यंत्रणाही लवकर चिकट होते. .२२ जरूर घ्या, पण या प्रश्नाचे उत्तर म्हणून नको.

नवी_हौस

मी आजवर फक्त .२२ झाडली आहे. उंची कमी, खांदा नाजूक. माझ्याकडे ९ मिमीचे पिस्तूल आहे. सगळे वाचून गोंधळ वाढला. ब्लोबॅकचा ठोका खरेच इतका असतो का?

नेमधारी

ताई, तुमच्याकडे ९ मिमीचे पिस्तूल आहे इथेच अर्धे उत्तर मिळाले. तुमचे मॅगझिन ज्या कार्बाइनला चालते ती आधी पाहा. ग्लॉकची मॅगझिन घेणाऱ्या कार्बाइन पुष्कळ आहेत. रुगर पीसी कार्बाइनमध्ये तर मॅगझिनचा खाचा बदलता येतो. तिच्या बोल्टमध्ये सरकते टंगस्टनचे वजन आहे, त्याने शेवटचा दणका बराच मरतो. सिग एमपीएक्स वायूवर चालते आणि बोल्टला कुलूप आहे, ती आणखी मऊ. ठोका असतो, पण दुखत नाही. तो दृष्टिरेषा हलवतो, तक्रार आहे ती तेवढीच.

दस्त्याची (खांद्याला टेकणाऱ्या भागाची) लांबी मात्र कॅलिबरच्या आधी तपासा. उंची कमी असलेल्यांना लांब दस्ता कोणत्याही काडतुसापेक्षा जास्त छळतो.

लीव्हरप्रेमी

नवी_हौस, दस्त्याबद्दल नेमधारींशी सहमत. तरीही एकदा कोणाची तरी .३५७ मागून त्यात .३८ झाडून पाहा आणि मग ठरवा. लीव्हर रायफलीत मागे-पुढे आदळणारा बोल्ट नाही, तुम्हाला फरक पहिल्याच फैरीत कळेल.

अक्षांश

कॅलिबरची चर्चा करताना कायदा आधी वाचा. अनेक देशांत लष्करी काडतुसांवर नागरिकांना बंधन असते. इटलीत ९×१९ नागरिकांना दीर्घकाळ बंद होते, म्हणून तिथे ९×२१ रुजले. पुंगळी दोन मिलिमीटर लांब, गोळी तीच, कामही तेच. तिथल्या नेमबाजांना "जगात सर्वांत सहज मिळणारे काडतूस" हा युक्तिवाद निरुपयोगी होता.

तुमच्या परवान्यात जे बसते आणि तुमची रेंज जे चालू देते, त्याच यादीतून निवडायचे आहे. काही रेंज पिस्तुलाच्या वेगापुरत्याच पाट्या लावतात. लीव्हरप्रेमींची १७०० ने जाणारी .३५७ जवळून मऊ पोलादाच्या पाटीला खड्डे पाडते, आणि खड्ड्याची पाटी तुकडे कुठेही उडवते. चष्मा सगळ्यांनीच लावायचा, पण अशा पाटीवर तो पुरेसा नाही.

लीव्हरप्रेमी

अक्षांश, रास्त. म्हणूनच जवळच्या पाट्यांना .३८ आणि लांबच्या कठीण पोलादाला .३५७.

नेमधारी

तुमच्या लीव्हरला .३८ नीट सरकते का, तेही सांगा. आखूड काडतूस काही लीव्हर रायफलींत वर येताना अडते. आणि भरपूर .३८ झाडल्यावर चेंबरच्या पुढच्या भागात काजळीचे कडे जमते, मग .३५७ नीट बसत नाही.

लीव्हरप्रेमी

कडे जमते, खरे आहे. .३८ झाल्यावर चेंबर ब्रशने घासायचा, पाच मिनिटांचे काम. सरकण्याचे म्हणाल तर विकत घेण्याआधी दहा .३८ भरून, रेंजवर जलद लीव्हर मारून पाहायची. अडली तर ती बंदूक सोडून दुसरी पाहायची. ९ मिमीची कार्बाइनही तुम्ही स्वतःची मॅगझिन लावून पाहिल्याशिवाय घेत नसालच. .३५७ वरचे माझे मत कायम आहे.