मदत हवी आहे: गाडीच्या छताचं कापड लोंबून राह्यलं

पऱ्हाटी_आर्वी: राजेहो लवकर सांगा, परवा लग्नाले वर्ध्याले जायचं आहे. छताचं कापड मागून सुटलं अन् मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या डोक्यावर मच्छरदाणीसारखं येते. सोलुशन लावून दाबलं, सकाऊन चिपकलं, दुपारी परत खाली. हात लावला की पिवळा भुगा पडते. टाचण्या टोचू का?

स्पॅनरभाऊ: गाडी कोणती, कधीची, उभी कुठं राहते?

बिनधास्त_वणी: सीट कव्हर लेदरचे टाका, कापडाची कटकटच नाही.

पऱ्हाटी_आर्वी: छताचं विचारलं न बावा! गाडी 2012 ची, गोठ्यापाशी उनातच असते.

स्पॅनरभाऊ: मंग बरोबर. कापडाच्या मागं पातळ फोमचा थर राहते, आपल्या 46 डिग्रीत वर्सानुवर्स भाजून त्याचा भुगा होते. तू सोलुशन लावलं ते भुग्याले चिपकलं, छताले नाही.

गावठी_इंजिनेर: सिरिंजनं सोलुशन आत सोड. माझं दोन वर्सं टिकलं.

स्पॅनरभाऊ: कोणत्या गाडीचं छत?

गावठी_इंजिनेर: छत नाही, ट्रॅक्टरची सीट.

कपाशी_यवतमाळ: गाडीत छताले कापड, दाराले कापड, डिक्कीत कार्पेट, आता तर चाकावरच्या प्लास्टिकच्या जागी पण फेल्ट (धागे दाबून केलेलं जाड कापड) येऊन राह्यलं, मंग आपला कापूस कायले नाही घेत?

स्पॅनरभाऊ: उनात रंग उडते, घाम पेते, लवकर झिजते म्हणून. सीट अन् बेल्ट पॉलिस्टरचे, एअरबॅग नायलॉनची. पण आवाज दाबायच्या फेल्टमधे जुन्या सुती चिंध्या जातात. पूर्व जर्मनीत ट्राबांट गाडीची बॉडीच सुताच्या कचऱ्यात राळ मिसळून दाबून बनवत.

कपाशी_यवतमाळ: म्हणजे आपल्या वाट्याले चिंध्याच!

बिनधास्त_वणी: भाव काय चालू आहे हो तिकडं?

पऱ्हाटी_आर्वी: भावाचा धागा वेगळा काढा न! टाचणी टोचू का नाही?

स्पॅनरभाऊ: टोचशील तर उन्हानं दोन दिवसांत बाकीचं पण सुटते. कापड पूर्ण ओढून काढ, त्याच्या मागचा छताचा पुठ्ठा ब्रशनं झाडून घे, लग्नाले उघड्या पुठ्ठ्यानं जा. परत आला की कुशनवाल्याकडून फोम लागलेलं नवं कापड उष्णता सहन करणाऱ्या सोलुशननं लावून घे, पण पुठ्ठा गाडीबाहेर काढूनच, नाहीतर कोपऱ्यात फुगे राहतात.

पऱ्हाटी_आर्वी: घरची म्हणते मोरपंखी साडीवर भुगा पडला तर मी बसनं जातो. टाचण्याच लावल्या भाऊ, रंगीत टोपीच्या, 40 लागल्या.