चँपला ८ ओहमचा स्पीकर चालेल का?

व्हॉल्व्हवेडा: फेंडर चँप या छोट्या गिटार अँपचं (अँप्लिफायरचं) ५एफ१ सर्किट बांधलंय. एकच ६व्ही६ पॉवर व्हॉल्व्ह, साधारण ५ वॉट. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ४ ओहमच्या स्पीकरसाठीचा, पण घरात १२ इंची, ८ ओहमचा स्पीकर पडून आहे. जोडू का?

सोल्डरकाका: जोड रे. ६व्ही६ला दुप्पट ओहमचा भार दिसेल, आवाज थोडा बदलेल, इतकंच. ५० वॉटच्या अँपवर मात्र मी हे करणार नाही. आणि स्पीकर न जोडता वाजवू नकोस! व्होल्टेज उसळून ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन जातं.

व्हॉल्व्हवेडा: काका, मल्टिमीटर ६ ओहम दाखवतोय?

सोल्डरकाका: तो नुसता डीसी रोध, म्हणजे स्थिर प्रवाहाला होणारा. ८ ओहम हा आवाजाच्या बदलत्या (एसी) प्रवाहाला होणारा अडथळा. स्पीकर ८चाच.

तारसप्तक: तसलाच दुसरा मिळाला तर समांतर जोडा, बरोब्बर ४ होतील. मला मात्र चँपचा मूळ ८ इंची डबा-आवाजच आवडतो.